यलोस्टोन १९८८ : जळू द्यावं, पण कुठवर?

१५ जुलै १९८८ या तारखेपर्यंत अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली राष्ट्रीय वनं मिळून सुमारे ८,५०० एकर जळालं होतं. उद्यान एकटंच २२ लाख एकरांचं, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडं मोठं. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, कडा माँटाना आणि आयडाहोत. एवढ्या पसाऱ्यात साडेआठ हजार एकर म्हणजे दर्यामें खसखस. हंगामाच्या सुरुवातीला लागलेल्या २० आगी अधिकाऱ्यांनी मुद्दाम विझवल्या नव्हत्या. त्यांतल्या ११ आपणहून विझल्या, बाकीच्या नजरेखाली होत्या. सगळं नियमाला धरून चाललं होतं.

सहा दिवसांनी, २१ जुलैला, उद्यानानं भूमिका बदलली आणि सगळ्या आगी विझवायच्या असं ठरवलं. तोवर आकडा १७,००० एकरांच्या आसपास गेला होता. त्यानंतर आठवडाभरात एकट्या उद्यानातल्या आगींनी ९९,००० एकरांचा टप्पा ओलांडला. हंगाम संपला तेव्हा उद्यानाचं ७,९३,८८० एकर क्षेत्र, म्हणजे ३६ टक्के, आगीच्या घेऱ्यात येऊन गेलं होतं.

ही हकीकत सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत सरकारी शहाण्यांनी ‘जळू द्या’ म्हणत देशाचं भूषण राखेत घातलं. दुसरीत दहा वर्षांनी तिथे हिरवीगार रोपं उगवली, म्हणजे निसर्गाला सगळं कळत होतं. मला या दोन्हींत फारसा रस नाही. जोखीम तोलून निर्णय घेणाऱ्यांसाठी यात शिकण्यासारखं आहे ते वेगळंच: त्या उन्हाळ्यात एकाच प्रश्नाला तीन वेगवेगळ्या तारखांना तीन वेगळी उत्तरं बरोबर होती, आणि दर वेळी माणसं आदल्या तारखेचं उत्तर हातात धरून उभी होती.

नियम आला कुठून

उद्यान १८७२ चं. १८८६ मध्ये लष्कराकडे त्याचा कारभार आला आणि आगी विझवायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं आणि हवाई छत्रीनं उतरणारे अग्निशामक हाताशी आल्यावर ते काम खऱ्या अर्थानं जमू लागलं. पण तिथलं जंगल आगीशी जुळवून घेतलेलं आहे. सर्वांत जास्त झाड लॉजपोल पाइनचं. त्याची काही शंकूफळं राळेनं घट्ट बंद असतात. आगीची धग लागली की राळ वितळते, शंकू उघडतात आणि राखेवर बी पडतं. झाडांची वर्तुळं आणि जंगलाचं वय तपासणाऱ्या संशोधकांना असंही दिसलं होतं की इथे शेकडो वर्षांतून एकदा प्रचंड आगी येतात. आधीची मोठी खेप १७०० च्या आसपासची. म्हणजे जंगल म्हातारं झालेलं होतं आणि पाळी जवळ आली होती.

१९७२ मध्ये उद्यानानं धोरण बदललं. विजेनं लागलेली आग माणसं, इमारती, ऐतिहासिक ठिकाणं किंवा दुर्मीळ प्राणी यांच्या जिवावर उठत नसेल तर जळू द्यायची. माणसानं लावलेली आग मात्र लगेच विझवायची. हा नियम सोळा वर्षं चालला. १९७२ ते १९८७ या काळात २३५ आगी जळू दिल्या, त्यांत एकूण ३३,७५९ एकर गेलं. सरासरी काढली तर आगीमागे १४४ एकर. शंभर एकरांच्या वर गेल्या फक्त १५ आगी, आणि सगळ्याच्या सगळ्या आपणहून विझल्या.

हे आकडे वाचून कुणाचाही विश्वास बसेल. माझाही बसला असता. पण त्यात एक गोम आहे. १९८२ ते १९८७ अशी सलग सहा वर्षं तिथला जुलै सरासरीपेक्षा ओला गेला होता. अनुभव सोळा वर्षांचा म्हणायचा, पण त्यातला ताजा, ज्याच्या जोरावर माणसं निर्धास्त झाली तो, ओल्या उन्हाळ्यांचा होता. शिवाय उद्यानातल्या अभ्यासकांनी पाहिलं होतं की आग म्हाताऱ्या जंगलात धावते आणि तरुण लॉजपोलच्या पट्ट्यात शिरली की मंदावते. तेव्हा नकाशावरचा तरुण जंगलाचा हिरवा तुकडा हा जणू आयता बांध समजला जाई. निरीक्षण खरं होतं. फक्त ते ओल्या वर्षांत केलेलं होतं.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी थोडं थांबतो. ‘जळू द्यावं’ हा विचार सह्याद्रीत जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याकडे वीज येते ती वळवाच्या पावसाबरोबर, आणि वणवे लागतात फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत. ते बहुतेक माणसाच्या हातून लागतात: गवत चांगलं येईल या समजुतीनं, राब भाजताना, किंवा फेकलेल्या विडीनं. ते वाळल्या गवतातून आणि पाचोळ्यातून जमिनीलगत पळतात. यलोस्टोनमध्ये आग शेंड्याशेंड्यांतून जाते. तेव्हा तिथला नियम उचलू नये. निर्णय कसा घसरत गेला तेवढं पाहावं.

पहिली तारीख : जूनचा शेवट

वसंतात कुणी घाबरलं नाही याला कारण होतं. एप्रिल आणि मे दोन्ही महिन्यांत पाऊस सरासरीपेक्षा बराच जास्त झाला. जूनमध्ये मात्र त्यानं पाठ फिरवली. २३ जूनला शोशोनी नावाची आग लागली, २५ ला फॅन, १ जुलैला रेड, ५ ला लाव्हा, ९ ला मिस्ट, ११ ला क्लोव्हर. सगळ्या विजेच्या, आणि त्या वेळी सगळ्या किरकोळ.

अशा वेळी हातात तीन पर्याय असतात. पहिला, लागल्याबरोबर विझवणं. पाच-दहा एकरांची आग असेल तर मोजकी माणसं हवाई छत्रीनं उतरवायची, भोवतीची जमीन खरवडून जाळरेषा काढायची, काम एक-दोन दिवसांत आटोपतं. दुसरा, एका बाजूनं अडवून बाकीच्या बाजूंनी जाऊ देणं. उदाहरणार्थ वस्तीकडची कड बंद करायची आणि मागचा डोंगर तिच्या हवाली करायचा. तिसरा, नुसतं पाहत राहणं. उद्यानानं बहुतेक ठिकाणी तिसरा निवडला.

तो चूक होता का? जोखीम तोलायची नेहमीची रीत म्हणजे वाईट घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर नुकसान किती, यांचा गुणाकार. त्या मापानं जूनच्या शेवटी पाहत राहणं योग्यच ठरतं. आग वस्तीपासून दूर, आधीच्या २३५ आगी विझलेल्या, आणि विझवायला जाणाऱ्या माणसांच्या जिवालाही धोका असतोच. पण या गुणाकारात तिसरी गोष्ट येत नाही: निर्णय फिरवायचा झाला तर तो फिरवता येईल का, आणि कुठल्या दिवसापर्यंत? आज पाहत राहिलो आणि दहा दिवसांनी मन बदललं, तर दहा दिवसांनंतर विझवण्याची किंमत आजच्याइतकीच असेल, असं सगळ्यांनी न बोलता धरलं होतं. सिंहगडावर सूर्याजीनं परतीचे दोर कापले ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. यलोस्टोनमध्ये कुणी दोर कापले नाहीत. ते उन्हात हळूहळू कुजत गेले, आणि कुणी ओढून पाहिले नाहीत.

ओढून पाहण्याची सोय मात्र होती. वनातलं वाळकं लाकूड किती ओलं आहे हे मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. पाइनच्या बारीक गोल काठ्या भट्टीत पूर्ण वाळवून बरोबर १०० ग्रॅम वजनाच्या करतात आणि उघड्यावर तारेवर ठेवून देतात. हवेतली ओल त्या पितात. तागडीवर काठी १०९ ग्रॅम भरली तर ओल ९ टक्के. हिशेब करावा लागत नाही. ही काठी बोटभर जाडीच्या लाकडाची ओल सांगते आणि काही तासांत बदलते. पडलेले जाड ओंडके मात्र महिनोन्‌महिने सावकाश वाळतात, आणि एकदा वाळले की एखाददुसऱ्या सरीनं भिजत नाहीत. त्यांची ओल हीच हंगामाची खरी कुंडली. १९८८ च्या उन्हाळ्यात गवत आणि काटक्या २-३ टक्क्यांपर्यंत उतरल्या आणि पडलेले ओंडके ७ टक्क्यांवर आले. बांधकामासाठी भट्टीत वाळवलेल्या लाकडात १२ टक्के ओल असते. म्हणजे जंगलात पडलेलं झाड वखारीतल्या फळीपेक्षा कोरडं होतं.

नियमात आग विझवायला कधी घ्यायची याच्या अटी होत्या: माणसं, इमारती, वारसास्थळं. या सगळ्या आगीच्या जवळ येण्याशी बांधलेल्या. जंगल किती वाळलंय आणि बर्फ पडायला अजून किती आठवडे बाकी आहेत, या दोन गोष्टी एकत्र धरून ‘आता थांबा’ म्हणणारी पक्की अट नव्हती. माझ्या मते जून संपेपर्यंत पाहत राहणं समर्थनीय होतं. जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर ते फक्त सवयीनं चाललं. उद्यानाचे प्रमुख बॉब बार्बी यांच्यावर नंतर बरीच आगपाखड झाली. पण एका माणसानं ठरवलं आणि चुकलं इतकं ते सोपं नव्हतं. सोळा वर्षांची सवय त्या टेबलाभोवती बसलेली होती.

दुसरी तारीख : २१ जुलै

सगळ्या आगी विझवायचा आदेश निघाला आणि दोनच दिवसांनी, २३ जुलैला, ग्रँट व्हिलेज हे पर्यटकांचं ठाणं शोशोनी आगीमुळे रिकामं करावं लागलं. हीच ती २३ जूनची आग. जवळजवळ एक महिना तिला मोकळीक होती.

२७ जुलैला केंद्राचे अंतर्गत व्यवहार मंत्री डोनाल्ड होडेल स्वतः येऊन गेले. आदेश अर्थातच कायम राहिला. आदेशात चूक काहीच नव्हती, फक्त तो पाळण्यासारखी स्थिती उरली नव्हती. हे ज्या आगीनं सर्वांत स्पष्ट दाखवलं तिची सुरुवात आदेशाच्या दुसऱ्या दिवशी झाली.

२२ जुलै. उद्यानाच्या पश्चिम हद्दीबाहेर, टार्गी राष्ट्रीय वनात सरपण तोडायला आलेल्यांपैकी कुणीतरी सिगरेटचं थोटूक टाकलं. आग माणसानं लावलेली, त्यामुळे ‘जळू द्या’ हा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवसापासून माणसं तिच्यावर होती. तरीही नॉर्थ फोर्क नावाची ही आग त्या वर्षीची सर्वांत मोठी ठरली आणि चार लाख एकरांच्या वर गेली. उद्यानात जेवढं जळालं त्यातलं सुमारे ६३ टक्के बाहेरून आत शिरलेल्या आगींनी जाळलं. त्या सगळ्याच आगींवर पहिल्या दिवसापासून पाणी मारलं होतं असं नाही. पण ‘विझवली असती तर वाचलं असतं’ हे वाक्य नॉर्थ फोर्कपाशी येऊन अडखळतं.

एव्हाना अंदाज बांधायला आगीच्या वर्तनाचे तज्ज्ञ बोलावले होते. नेतृत्व रिचर्ड रॉथरमेल यांच्याकडे. आग किती वेगानं पसरेल याचं १९७२ चं गणित त्यांचंच, आणि त्यावर आजही अनेक देशांतली कामं चालतात. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांच्या गटानं नकाशावर पुढच्या काळाच्या रेषा आखल्या. आगी त्या रेषा पाहता पाहता ओलांडून गेल्या. गट हुशार नव्हता असं कोण म्हणेल? पण गणित मुख्यतः जमिनीलगतच्या आगीसाठी बांधलेलं, आणि इथे आग शेंड्यांवरून जात होती. जळते ढलपे दीड मैल पुढे उडून नवी आग लावत होते. यलोस्टोन नदीची ती प्रसिद्ध खोल घळ, जिच्यापाशी आग थांबेल असं कुणीही पैजेवर सांगितलं असतं, तीही ओलांडली गेली. आणि तरुण जंगलाचा तो हिरवा बांध? तोही जळाला.

आगीच्या कामात रात्र ही विश्रांती मानतात. हवा गार होते, दमट होते, आग बसते. त्या ऑगस्टमध्ये रात्रीही कोरड्या होत्या. एकामागून एक थंड हवेच्या लाटा येत होत्या, त्यांच्यासोबत फक्त वारा येई, पाऊस नाही. २० ऑगस्टला एका दिवसात दीड लाख एकरांहून जास्त जळालं. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी भरतात तेवढं क्षेत्र, एका दिवसात. तिथले लोक त्या दिवसाला ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणतात.

तिसरी तारीख, जी कुठल्याही आदेशात नाही

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑगस्टचा उत्तरार्ध. खरी रणनीती तिथे ठरली, आणि ती कागदावर कुणी ठळक लिहिली नाही.

मोठ्या आगीला भिडायच्या वाटा ढोबळमानानं तीन. आगीच्या कडेलाच जाऊन तिथली जमीन खरवडून जाळरेषा काढायची. याला थेट सामना म्हणू. किंवा बरंच पुढे, एखादा रस्ता, नदी, कडा धरून रेषा काढायची आणि मधलं जंगल आपणच जाळून टाकायचं, म्हणजे आग येईल तेव्हा तिला खायला काही उरणार नाही. किंवा आगीचा नाद सोडून मोजकी ठिकाणं निवडायची आणि ती वाचवायची.

दीड मैल ठिणगी उडत असताना थेट सामन्याची मीटरभर रुंद रेषा म्हणजे पुराला आडवी घातलेली काठी. शिवाय रेषेवरच्या माणसांच्या मागे नवी आग पेटली तर ती मधे अडकतात. या धंद्यातले काही मृत्यू असेच होतात. बुलडोझर सढळ हातानं वापरले तर रेषा रुंद होते, पण त्या मातीवरचे ओरखडे आगीच्या डागांपेक्षा जास्त काळ टिकतात, म्हणून उद्यानानं त्यावर हात आखडता ठेवला. स्थानिकांचा याच गोष्टीवर सर्वांत जास्त राग. मला मात्र तो निर्णय बरोबर वाटतो: उद्यान कशासाठी राखायचं याचा विसर आग लागल्यावर पडून चालत नाही, आणि ऑगस्टमध्ये रुंद रेषांनीही आग थांबत नव्हती.

दुसऱ्या वाटेचं काय होतं ते कुक सिटी या छोट्या गावानं पाहिलं. उत्तरेकडची स्टॉर्म क्रीक आग १४ जूनला लागून बराच काळ पडून होती, ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावाच्या दिशेनं सुटली. तिला अडवायला गावाजवळ मुद्दाम आग लावली. वारा फिरला आणि वाचवायला लावलेली आगच गावाच्या अंगावर आली. गाव थोडक्यात बचावलं. वेशीवरच्या पाटीवर कुणीतरी एक अक्षर वाढवून ‘कुक्‌ड सिटी’, म्हणजे शिजलेलं गाव, असं करून ठेवलं. आगीला आगीनं अडवणं हे वाऱ्यावर लावलेली पैज असते, आणि त्या हंगामात वारा कुणाचंच ऐकत नव्हता.

उरली तिसरी वाट. माणसं, गावं, इमारती निवडा. बाकीचं हवामानावर सोडा. प्रत्यक्षात हेच घडलं. वेस्ट यलोस्टोन गावाशी नॉर्थ फोर्क येऊन ठेपली तेव्हा आयडाहोतल्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतातले सिंचनाचे पाइप आणि तुषारसंच आणून गावाच्या कडेनं जोडले आणि जमीन भिजवत ठेवली. एका वेळी नऊ हजारांच्या आसपास माणसं कामावर होती, त्यांत लष्कराचे जवानही होते. पण जाहीरपणे भाषा मात्र शेवटपर्यंत ‘विझवतोय’ हीच. बंद पडलेली हॉटेलं आणि चिडलेले लोकप्रतिनिधी समोर असताना ‘आम्ही आग थांबवू शकत नाही, आम्ही फक्त या ठिकाणांचं रक्षण करतोय’ हे वाक्य कोण म्हणणार? त्यामुळे रोज संध्याकाळी किती एकर वाढलं हाच आकडा बातम्यांत जाई आणि तो रोज हरल्याची खबर देई. वाचवायचं जे ठरलं होतं त्यातलं किती वाचलं, हे मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं.

७ सप्टेंबर, ओल्ड फेथफुल

ओल्ड फेथफुल हा उद्यानातला गरम पाण्याचा नामांकित कारंजा. त्याच्याशेजारी १९०४ मध्ये पुरी झालेली ओल्ड फेथफुल इन ही हॉटेलची इमारत उभी आहे: ओंडक्यांची, लाकडी फळ्यांच्या उतरत्या छपराची, वाळक्या लाकडाचा अक्षरशः डोंगर. जळण्यासाठी यापेक्षा चांगली इमारत सांगून मिळायची नाही.

त्या दुपारी नॉर्थ फोर्क नैर्ऋत्येकडच्या टेकडीवरून उतरली. वारा वादळी. इनमधल्या पाहुण्यांना आधीच हलवलं होतं. चार वाजण्याच्या सुमारास निखारे आवारात पडू लागले. तिथे जंगलात रेषा काढत बसलेलं कुणी नव्हतं. बंब इमारतींपाशी होते आणि भिंतींवर, छपरांवर फेस मारला जात होता. इनच्या छपरावर पाण्याचे फवारे सुरू झाले. हे फवारे आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, बसवले होते. समोर गाड्या लावायचं विस्तीर्ण डांबरी पटांगण, जे एरवी निसर्गप्रेमींच्या डोळ्यांत खुपतं, ते त्या दिवशी उत्तम जाळरेषा ठरलं. मग वाऱ्यानं दिशा किंचित बदलली आणि आगीचा मुख्य लोट बाजूनं निघून गेला. काही छोट्या इमारती आणि खोल्या जळाल्या. इन उभी राहिली.

यात शहाणपण किती आणि नशीब किती? वारा नसता फिरला तर फवारे पुरले असते का, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण छपरावरचं पाणी, फेस, मोकळं पटांगण आणि रिकाम्या खोल्या एवढी तयारी होती म्हणूनच वाऱ्याची कृपा कामी आली. शिवाय यातली एक मोठी गोष्ट आगीच्या एक वर्ष आधी, धूर कुठेच नसताना, झालेली होती.

चार दिवसांनी, ११ सप्टेंबरला, पाव इंच पाऊस आणि बर्फ पडला. हजारो माणसं आणि लाखो लिटर पाणी यांनी जे झालं नाही ते त्यानं केलं. शेवटचे निखारे विझायला नोव्हेंबर उजाडला.

हिशेब

हंगामभरात सुमारे २५,००० माणसांनी काम केलं आणि १२ कोटी डॉलर खर्च झाला. दोन जण दगावले, दोघेही उद्यानाबाहेर: एकाच्या अंगावर झाड पडलं, दुसरा माणसं नेणारं विमान चालवत होता. आगीच्या ज्वाळांत अग्निशामक कुणीही गेला नाही, आणि एवढ्या मोठ्या हंगामाचा हा आकडा माझ्या दृष्टीनं सगळ्या एकरांहून मोठा आहे. ऑगस्टमध्ये कुणी हट्टानं थेट सामन्याची वाट धरली असती तर तो असा राहिला नसता. प्राण्यांत ३४५ एल्क आणि १२ मूस (दोन्ही मोठ्या हरणांच्या जाती), ३६ इतर हरणं, ९ बायसन (अमेरिकी गवे), ६ काळी अस्वलं दगावली. एल्कांची त्या भागातली संख्या हजारोंच्या हजारो होती. जंगल परत उगवलं, बहुतेक ठिकाणी कुणीही रोप न लावता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अंतर्गत व्यवहार आणि कृषी या दोन खात्यांच्या संयुक्त समितीनं अहवाल दिला. निसर्गाला त्याची आग हवी हे तत्त्व समितीनं मोडीत काढलं नाही. पण नव्या योजना होईपर्यंत जळू देणं थांबवलं, आणि एक अट घातली जी मला त्या सगळ्या अहवालाचा गाभा वाटते. आग जळू द्यायची असेल तर जबाबदार अधिकाऱ्यानं रोज सही करून सांगायचं: हवामानाचा रास्त अंदाज धरता ही आग ठरवलेल्या मर्यादेत ठेवायला लागणारी माणसं आणि साधनं माझ्याकडे आहेत. यलोस्टोनची नवी योजना १९९२ मध्ये आली. पूर्वी आग विझवायची असेल तर कारण द्यावं लागे. आता ती न विझवण्याचं कारण द्यावं लागू लागलं, तेही दररोज नव्यानं. कालची सही आज चालत नसे.

सहीनं सगळं भागतं असं मात्र नाही. ४ जुलै २०२१ ला कॅलिफोर्नियात मार्कलीव्हिल गावाजवळ वीज पडली आणि टॅमॅरॅक आग लागली. आकार पाव एकर, भोवती कातळ आणि विरळ झाडी. देशभर मोठ्या आगी पेटलेल्या, माणसं अपुरी, जागा अवघड, म्हणून नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. १६ जुलैला ती सुटली, गाव रिकामं करावं लागलं आणि शेवटी ६८,६३७ एकर गेलं. इथे ‘साधनं नाहीत’ हेच विझवायला न जाण्याचं कारण होतं. १९८८ च्या अटीनं तेच कारण उलटं वाचलं असतं: साधनं नाहीत, म्हणून ही आग मोकळी सोडायचा अधिकारही नाही. २ ऑगस्टला अमेरिकी वनसेवेचे तेव्हाचे नवे प्रमुख रँडी मूर यांनी पत्र काढून त्या हंगामापुरतं असं जळू देणं थांबवलं.

हे प्रकरण चर्चेला ठेवताना शेवटी एक खेळ करता येतो. तो रोजच्या सहीचा कागद १९८८ च्या टेबलावर ठेवायचा आणि तारखा पुढे सरकवायच्या. २३ जूनला शोशोनीवर सही मिळते. २५ ला फॅनवरही. १ जुलैला हात थोडा थबकतो. पावसाचं चिन्ह नाही, तीन आगी हाताशी आणि माणसं तेवढीच. ५ जुलैला लाव्हाची भर पडते. ९ किंवा ११ जुलैला, मिस्ट आणि क्लोव्हर लागल्यावर, कुणीही सावध अधिकारी पेन खाली ठेवतो. तेव्हा शोशोनी अजून आवाक्यातली असते. ग्रँट व्हिलेज बहुधा रिकामं करावं लागत नाही, काही लाख एकर कदाचित वाचतात.

मग २२ जुलैला टार्गीच्या वनात ते थोटूक पडतं. त्या आगीसाठी सहीचा कागदच नाही. ती पहिल्या तासापासून विझवायचीच आहे. माणसं थोडी जास्त मोकळी असतात एवढंच. ओंडके तेवढेच वाळलेले, वारा तोच. ७ सप्टेंबरला इनच्या छपरावरचे फवारे बहुधा तरीही सुरू करावे लागतात.